शॉर्टसर्किट लिहिलं की मोकळे

१९७८ साली मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळल्या तेव्हा कुणी ‘शॉर्टसर्किट’ म्हटलं नाही. म्हणणार कसं? कित्येक दलितवस्त्यांत तेव्हा विजेचा खांबच नव्हता. २७ जुलैला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव टेंभे पेटले. त्या वणव्यातून माझी आजी एक गाठोडं आणि दोन पोरं घेऊन कल्याणला उतरली. आगीचं कारण शोधायला तिला तज्ज्ञ लागला नाही. “आग कुटनं आली ते दिसत व्हतं की. हातात धरून आनली व्हती,” एवढंच ती सांगायची.

आता आमच्या घरात वीज आहे. आता आग कुठून आली ते दिसत नाही. आता ते कागद सांगतो.

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांना, नाल्याच्या काठाला, टेकडीच्या उतारावर आमच्या वस्त्या चिकटलेल्या आहेत. तिथं आग लागली की राख गरम असतानाच एक शब्द येतो. आधी तो बघ्यांच्या तोंडात असतो, मग हवालदाराच्या पंचनाम्यात, मग दुसऱ्या दिवशीच्या पेपरात : ‘प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किटमुळे’. दोस्तहो, प्राथमिक अंदाज! दुय्यम अंदाज कधी छापून आलेला वाचलाय का? आमच्या बाबतीत प्राथमिक तोच अंतिम. भूक लागून मेला तर ‘आजारपण’, गटारात गुदमरून मेला तर ‘अपघात’, घर जळलं तर ‘शॉर्टसर्किट’. एकेक शब्द म्हणजे एकेक फाईल बंद करायची दोरी.

मी हे साहित्यिक म्हणून लिहीत नाही. मी वायरमन आहे. आयटीआयचा वायरमन ट्रेड, पुढं लायसन, आणि सव्वीस वर्षं कल्याण पूर्वेला नि डोंबिवलीला लोकांच्या भिंतींत वायरी घालतोय. विजेचा मला राग नाही. उलट अभिमान आहे. १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचं खातं त्यांच्याकडे होतं. देशाची वीज कशी वाढवायची हे ठरवणारं तांत्रिक मंडळ १९४४ साली त्यांच्याच काळात उभं राहिलं. स्वस्त आणि भरपूर वीज असल्याशिवाय कारखाने नाहीत, आणि कारखान्यांशिवाय माणूस जमिनीच्या आणि जातीच्या खुंट्यावरून सुटत नाही, हा त्यांचा हिशेब होता. आपले वक्ते भाषणात हा हिशेब कधी मांडत नाहीत, त्यांना फक्त संविधान आठवतं. आमच्या ठाकुर्लीत रेल्वेचं चोळा पॉवरहाऊस होतं, १९२९ सालचं. त्याच्या विजेवर लोकल पळायची आणि आजीच्या खोलीत चिमणी जळायची. तेव्हा तार घरात आली त्या दिवशी घरात काय झालं असेल ते मला शिकवू नका.

म्हणूनच हा शब्द मला टोचतो. जे काम मी पोटासाठी करतो त्याचंच नाव घेऊन आमची घरं कागदावर पुरली जातात.

मुंबई अग्निशमन दलाने माहिती अधिकारात दिलेले आकडे पेपरात आले होते : २००८ ते २०१८ ह्या दहा वर्षांत अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास आगी, आणि त्यांतल्या दर तिघांत दोन विजेच्या दोषामुळे. आता ह्याचे दोन अर्थ. एकतर ह्या महानगराच्या वायरी इतक्या सडलेल्या आहेत, किंवा लिहिणाऱ्याचा हात इतका सवयीचा झालाय. माझा धंदा मला सांगतो की दोन्ही खरं आहे. आणि दोन्ही खरं असलं म्हणजे एकेका आगीबाबत खरं काय, हे कुणालाच कळत नाही.

आमची गल्ली जळली त्याला आता काही वर्षं झाली. थंडीचे दिवस, पहाटेचे पावणेपाच. अकरा घरं गेली. माणूस गेलं नाही, कारण पहिल्या लोकलची माणसं उठलेली होती. पण बाकी सगळं गेलं. दहावीच्या पोरीचं हॉल तिकीट गेलं. जातीचे दाखले गेले. जुनी लाईट बिलं, रेशनकार्डं गेली. पांढरपेशा वाचकाला ह्याचं गांभीर्य कळायचं नाही. झोपडीवाल्याला १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा लागतो, तेव्हा फुकट घराला तो पात्र. २०११ पर्यंतचा असला तर पैसे भरून. पुरावा नसला तर तो ह्या शहरात राहतच नव्हता. म्हणजे आमच्याकडं पत्रा जळतो तेव्हा पत्र्याबरोबर माणसाचं असणंच जळतं.

नऊ वाजता पुढारी आले, केळी वाटून गेले. दहा वाजता पंचनामा झाला. लिहिलं : ‘अनधिकृत वीजजोडणीतील शॉर्टसर्किटमुळे आग’. लिहिणारा आत गेला नव्हता, नाक्यावर रिक्षाच्या बोनेटवर कागद ठेवून लिहिलं. दुपारी चारला जेसीबी आला, साफसफाईला.

आमची पोरं तोपर्यंत दुसरा शब्द घेऊन तयार होती. बिल्डर! दोन महिन्यांपूर्वी मोजणीवाले येऊन गेले होते. गल्लीच्या तोंडाशी जे घर, तिथून आग सुरू झाली असं चार जण सांगत होते, आणि त्या घराचा मालक मोजणीला आडवा गेलेला. आणखी काय पुरावा पाहिजे? संध्याकाळी बोर्डावर खडूनं लिहूनसुद्धा झालं. मीही त्यातच होतो. किंबहुना पोरं माझ्याकडंच बघत होती, कारण शॉर्टसर्किट नव्हतं हे सांगायला वायरमनच पाहिजे. मी टेस्टर, पक्कड आणि बॅटरी घेऊन जेसीबी यायच्या आत राखेत शिरलो.

तोंडाच्या घरात मला तांब्याची वायर मिळाली, आणि तिच्या टोकाला गोळी. माझं अवसान गेलं. कारण आम्हाला शिकवलेलं असतं : तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. झोपडीतली आग सगळीकडं तेवढी तापत नाही. आणि आगीनं तांबं वितळलं तर ते ओघळतं, हळूहळू बारीक होतं. पण बाकी वायर शाबूत आणि टोकाला एकदम गोल गुळगुळीत गोळी, तर ते विजेचं काम. फेज आणि न्यूट्रल भिडले, ठिणगी पडली, तांबं वितळलं. (ॲल्युमिनियमची वायर असेल तर असलं काही वाचायला जाऊ नये. ते ६६० अंशालाच पाणी होतं. ते काहीच सांगत नाही.) म्हणजे शॉर्टसर्किट झालं होतं. पंचनामा खरा.

ती गोळी खिशात घालून मी डोंबिवलीला आमच्या आयटीआयच्या जुन्या सरांकडं गेलो. सर जातीनं कोण ते सांगत नाही, डोंबिवलीत राहतात एवढं पुरे. त्यांनी गोळी बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, “अरे, ही गोळी एवढंच सांगते की आग इथं पोचली तेव्हा वायरीत करंट होता. आग हिनं लावली असं कुठं सांगते?”

दोस्तहो, सगळी गंमत ह्या एका वाक्यात आहे. आग कशानंही लागू द्या. चुलीनं, उदबत्तीनं, मच्छरच्या कॉइलनं, रॉकेलच्या बोळ्यानं. ती भिंतीवर चढली की वायरीवरचं प्लास्टिक जाळणारच. प्लास्टिक जळलं की आतल्या दोन तारा उघड्या पडून भिडणारच. झालं शॉर्टसर्किट. म्हणजे शॉर्टसर्किट हे जवळजवळ प्रत्येक आगीत सापडतं, जसा प्रत्येक मढ्याचा श्वास थांबलेला सापडतो. श्वास थांबला म्हणून मेला, असं डॉक्टरनं लिहिलं तर तुम्ही त्याला काय म्हणाल? ह्याच विषयात आयुष्य घातलेला व्हायटेनिस बाब्रॉस्कस नावाचा संशोधक आहे. आग लावणारी गोळी कुठली आणि आगीत बळी गेलेली गोळी कुठली, हे नुसत्या गोळीच्या तपासणीवरून ओळखायच्या पद्धती त्यानं तपासून बघितल्या. भरवसा ठेवावा अशी एकही त्याला सापडली नाही. आणि इकडं रिक्षाच्या बोनेटवर ओळखतात.

मी खूष झालो. म्हटलं, म्हणजे सर, शॉर्टसर्किट नाही! बिल्डरच! सर म्हणाले, “तेही ती गोळी सांगत नाही. तू माणसांना विचारलंस का? आधी कुणाचा दिवा गेला? कुणाचा लुकलुकला? वास कसला आला? फ्यूज कुणाचा उडाला नि कुणाचा नाही? जिथं आग पोचलीच नाही तिथली वायर बघितलीस का?”

नाही बघितली. मी कारण शोधायला गेलोच नव्हतो. मी मला पाहिजे ते शोधायला गेलो होतो. बोनेटवर लिहिणाऱ्यात आणि माझ्यात तेवढ्यापुरता काही फरक नव्हता.

परत आलो. सुदैवानं जेसीबीवाल्यानं अर्धंच काम केलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात झोपलेल्या माणसांना एकेक करून विचारलं. आणि जे चित्र निघालं ते वेगळंच. तोंडाच्या घराच्या पलीकडं तिसरं घर. तिथल्या बाईच्या खोलीतला बल्ब आदल्या रात्रीपासून मंद-जास्त होत होता. शेजारणीला पहाटे वास आला होता, जळक्या मासळीसारखा. तिला वाटलं कुणी सुकट भाजतंय. वायरमनला हा वास माहीत असतो, बोर्ड-होल्डरचं प्लास्टिक आतल्या आत तापलं की तो येतो. आणि ज्वाळा तोंडाच्या घरातून निघताना दिसल्या त्या केवळ वाऱ्यामुळं आणि तिथल्या ताडपत्रीमुळं. आगीची पहिली ज्वाळा दिसते ती जागा आणि आग लागते ती जागा एकच असते असं नाही. आमच्या घरांच्या भिंती म्हणजे प्लायवूड आणि फ्लेक्स, आग आतल्या आत दोन घरं चालत जाते.

तिसऱ्या घरात लोखंडी कपाट होतं. ते वाकलं होतं, पण त्याच्या मागं जमिनीलगत केसिंगची दोन हात पट्टी शिल्लक होती. आग तिथं पोचलीच नव्हती. मी पट्टी उघडली. आत एक एमएमची वायर. वरून प्लास्टिक बरं दिसत होतं, पण हातात घेतलं तर तांब्यावरनं बाहीसारखं सरकलं. आतून काळं. म्हणजे बाहेरच्या आगीनं भाजलेलं नाही, आतून तांबं तापून भाजलेलं. जिथं ज्वाळा गेली नाही तिथं वायर स्वतःहून भाजली होती. ह्याला म्हणतात पुरावा. गोळीला नाही.

मग मी त्या घराचा किटकॅट फ्यूज शोधला. मीटरच्या फळीवरून पडला होता, चिनीमातीचा असल्यानं शाबूत. उघडला. आत फ्यूजची बारीक तार नव्हती. वायरीतलीच तांब्याची काडी, दुहेरी पिळून, घट्ट बांधलेली. पिळा डावीकडनं उजवीकडं, टोक आत मुडपलेलं.

तो पिळा माझा होता.

उन्हाळ्यात त्या ताईनं मला बोलावलं होतं. “दादा, सारखा फ्यूज उडतोय, एकदा घट्ट बांधून दे.” पन्नास रुपये घेतले आणि घट्ट बांधून दिला. ती महापालिकेच्या सफाईच्या ठेक्यावर, पहाटेच्या पाळीची. बालदीत हीटरची रॉड, बाजूला कॉइलची शेगडी, आणि मागच्या दोन घरांना तिच्याच मीटरवरून दिलेली जोडणी, कारण त्यांचा अर्ज कागदाअभावी परत आला होता. रॉडचे सहा-सात अँपिअर, शेगडीचे आठ-नऊ, वर मागच्या दोन घरांचं. एक एमएमची वायर हे रोज पेलत नाही. म्हणून तर फ्यूज उडत होता. फ्यूज उडणं म्हणजे वायर ओरडत होती, आणि मी पन्नास रुपयांत तिचं तोंड बांधून दिलं.

बघा, ह्यात शॉर्टसर्किट कुठं आहे? नाहीच. खरं शॉर्टसर्किट झालं आणि फ्यूज नीट असला तर तो क्षणात उडतो, अंधार होतो, घर वाचतं. विजेच्या आगी मुख्यतः लागतात त्या ढिल्या जॉइंटमुळं आणि जादा लोडमुळं. ढिल्या जॉइंटला तर करंट नेहमीएवढाच असतो, फ्यूजला काही कळतच नाही, आणि स्क्रूपाशी तांबं निखाऱ्यासारखं लाल होत राहतं, तासन्तास. ह्या सगळ्याला एकच शब्द लिहायचा तो म्हणजे आडमुठेपणा. ढिला जॉइंट असेल तर प्रश्न येतो : तो कुणी मारला, मीटरच्या अलीकडं की पलीकडं, देखभाल कुणाची? जादा लोड असेल तर प्रश्न येतो : तीन घरं एका मीटरवर का? ‘शॉर्टसर्किट’ म्हटलं की प्रश्नच येत नाही. जणू काही वीज स्वतःच्या मनानं पेटली.

दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळं सांगितलं. एक कार्यकर्ता उठून ओरडला, “च्यायला, हे बाहेर बोलायचं नाही! केस कमजोर होते.” दुसरा म्हणाला, बिल्डरला आयतं कोलीत दिलं. ती ताई मागं बसली होती. ती म्हणाली, “तू नसता बांधला तर दुसऱ्यानं बांधला असता. मला पाच वाजता पानी लागतं.”

त्या कार्यकर्त्याचा राग मला कळतो. तो हवेतून आलेला नाही. हरियाणातल्या मिर्चपूरला २०१० साली वाल्मीकींची घरं पेटवली, म्हातारा बाप आणि त्याची अपंग पोरगी जळून मेली. तेव्हा आरोपींच्या बाजूनं कोर्टात काय सांगितलं गेलं? नुकसानभरपाईसाठी ह्यांनी स्वतःच घरं पेटवली! २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं तो बचाव फेटाळला, आणखी आरोपींना दोषी ठरवलं. म्हणजे आमच्या घराला आग लागली की दोनच कारणं : एक तर वीज, नाही तर आम्ही स्वतः. तिसरा कुणी असूच शकत नाही. अशा देशात पोरगं आधी ‘बिल्डर’ म्हणून ओरडलं तर त्याला मी दोष कसा देऊ?

पण दोस्तहो, उलट्या बाजूची चूकही बघा. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९९१ साली कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम ह्या बेकार, गरीब माणसाचं घर जळलं, तीन लहान मुली गेल्या. जमिनीवरचे जळल्याचे डाग बघून तपासनिसांनी सांगितलं, पेट्रोलजन्य काहीतरी ओतलंय, बापानंच पेटवलं. २००४ साली त्याला मृत्युदंड दिला. पुढं आगीच्या शास्त्रज्ञांनी तो पुरावा तपासला तर त्या निष्कर्षाला शास्त्राचा आधारच नव्हता. खोली पूर्ण पेटली की जमिनीवर तसले डाग काही न ओततासुद्धा पडतात. गरीब माणूस अंदाजानं मेला. अंदाज ‘घातपात’ असला म्हणून तो आपल्या बाजूचा होत नाही. तिथल्या तपासाच्या मार्गदर्शिकेत, एनएफपीए ९२१ मध्ये, एक खानाच आहे : कारण निश्चित झाले नाही. हे लिहायला लाज वाटू नये असं तिथलं शास्त्र सांगतं. ठाणे महापालिकेच्या आपत्ती कक्षाच्या निरोपातसुद्धा पुष्कळदा ‘आगीचे कारण समजू शकले नाही’ असं असतं. मला ते वाक्य प्रामाणिक वाटतं. फक्त त्याच्या पुढं ‘शोध चालू आहे’ हे खरं असायला पाहिजे.

आणि समजा कारण वीजच निघालं. मग संपलं? लंडनमध्ये १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवर जळला, ७२ माणसं मेली. बहुतेक कष्टकरी, स्थलांतरित. आग चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये विजेच्या दोषानं लागली. आपल्याकडं फाईल इथंच मिटली असती, वर त्या फ्रिजवाल्याला आत टाकलं असतं. तिथल्या चौकशीनं २०१९ च्या अहवालात म्हटलं की त्या भाडेकरूचा काहीच दोष नाही. फ्रिजमधला नेमका बिघाड ठरवता आला नाही, पण त्याहून मोठा प्रश्न हा की साध्या फ्रिजच्या आगीनं आख्खी इमारत का पेटावी. मग बाहेरून चिकटवलेल्या ज्वालाग्राही पत्र्यांपर्यंत, ते विकणाऱ्या कंपन्यांपर्यंत, सरकारपर्यंत चौकशी गेली. २०२४ पर्यंत चालली. न्याय मिळाला असं मी म्हणत नाही. पण कारण म्हणजे काय हे तरी विचारलं गेलं.

इथं काय होतं? ९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा रुग्णालय, नवजात बाळांच्या कक्षात आग, दहा बाळं गेली. दोष विजेच्या उपकरणाकडं निघाला आणि गुन्हा दाखल झाला नर्सांवर. त्याच वर्षी २८ एप्रिलला आमच्या ठाणे जिल्ह्यात मुंब्र्याच्या खासगी रुग्णालयाला पहाटे आग लागली, चार रुग्ण गेले. नोव्हेंबरात अहमदनगरच्या सरकारी रुग्णालयात अकरा. पुष्कळदा आधी तोच शब्द, आणि मग खालच्या पायरीवरचं माणूस. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ सालचा आहे. इमारतीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा द्यायचं असतं. आमच्या गल्लीला तो लागू करायला गल्ली आधी कागदावर इमारत तरी पाहिजे.

आमच्या गल्लीतही तेच विचारा. फ्यूज मी बांधला, कबूल. पण एका घराची आग अकरा घरांवर का गेली? बंब नाक्यावर का अडकला? मागच्या दोन घरांना मीटर का मिळाला नाही? तीन घरांचा लोड एका वायरीवर आहे हे मीटर वाचायला दर महिन्याला येणाऱ्याला दिसत नव्हतं? हे सगळं त्या पिळ्याएवढंच आगीचं कारण आहे. आणि पंचनाम्यानं त्यातलं एकही लिहिलं नाही. वर ‘अनधिकृत’ हा शब्द घालून जळालेल्यांनाच आरोपी केलं, जिचं मीटर अधिकृत होतं तिलासुद्धा.

आता कायदा काय सांगतो ते ऐका, कारण आपल्या पोरांना घोषणा पाठ असतात, कलमं नसतात. वीज कायदा २००३, कलम १६१. विजेमुळं अपघात होऊन माणूस किंवा जनावर मेलं वा जखमी झालं, तर विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं, आणि सरकार त्याच्याकडून चौकशी करवू शकतं. माणूस किंवा जनावर. घर नाही! तुमची अकरा घरं राख झाली आणि एक कोंबडीसुद्धा मेली नाही, तर ह्या कलमाखाली कुणालाच कळवायचं बंधन नाही. म्हणजे पंचनाम्यात ‘वीज’ लिहायची मुभा सगळ्यांना, आणि वीज तपासायचा ज्याला अधिकार त्याच्यापर्यंत निरोप जाईलच असं नाही. दुसरं, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९, कलम ३(२)(४). अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचं राहतं घर, ते नष्ट होईल हे माहीत असून, आग लावून जाळलं तर जन्मठेप. आता बघा, एका शब्दाची किंमत किती. ‘शॉर्टसर्किट’ लिहिलं तर शिक्षा शून्य. दुसरं काही निघालं तर जन्मठेप. शून्य आणि जन्मठेप ह्यांच्यातलं अंतर राखेत हात न घालता कापलं जातं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे, आणि ते मी ह्या अंकातून सगळ्या शाखांना कळवतोय. वस्तीत आग लागली की पहिलं काम मोर्चा नाही. पहिलं काम जेसीबी अडवणं. पोरांनी आडवं पडावं, पण तपास होईपर्यंत राख हलू देऊ नये. मीटरची फळी, किटकॅट, एमसीबीच्या खिट्ट्या जशा आहेत तशा मोबाईलवर फोटोत घ्याव्यात. कुठली खिट्टी खाली पडली आणि कुठली वर राहिली ह्यावरून खूप कळतं. जिथं आग पोचली नाही तिथली वायर हात न लावता राखावी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्याच दिवशी विचारून लिहून घ्यावं : आधी कुणाचा दिवा गेला, वास कसला आला, रॉकेल-पेट्रोलचा वास आला का. तसा संशय असला तर राखेचा नमुना हवाबंद डब्यात पोलिसांसमक्ष सील करून कलिन्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची लेखी मागणी करावी. प्लास्टिकच्या पिशवीत वाफ टिकत नाही. विद्युत निरीक्षकाला त्याच दिवशी अर्ज. अग्निशमन दलाचा अहवाल माहिती अधिकारात मागावा. आणि तपास होईपर्यंत बोर्डावर खडूनं काहीही लिहू नये. हो, आपणसुद्धा.

धंदेवाल्या भावांना एक. फ्यूज सारखा उडत असेल तर जाड तार बांधू नका, पैसे परत द्या. मी तेव्हापासून बांधत नाही. चार गिऱ्हाईकं सुटली.

तो किटकॅट आणि बाहीसारखी सरकलेली दोन हात वायर माझ्याकडं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे. मी ती घेऊन दोन कार्यालयांत जाऊन आलो. माझं नाव लिहून घ्या, मी बांधला, पण बाकीचंही लिहा, असं सांगितलं. एका ठिकाणी म्हणाले, “प्रकरण बंद झालंय, तुम्ही कशाला अंगावर ओढून घेता?” दुसऱ्या ठिकाणी डबा उघडूनसुद्धा बघितला नाही. माहिती अधिकारातला अर्ज टाकलाय, अपिलात आहे. कुणाच्या वस्तीत असलं काही झालं तर निरोप द्या. रविवारी मी मोकळा असतो. टेस्टर माझा, बॅटरी तुमची.